तबिथाबाईचं नाव

“…एवढं सगळं करतो, तरी प्रार्थना लागत नाही. असं का होतं, गुरुजी?”

अनुग्रह मकासरे अजून मोटारसायकलवरून धड उतरलाही नव्हता. हेल्मेट काखेत, बॅग खांद्याला, आणि नजर मनगटावरच्या घड्याळाकडे.

शांतवन गुरुजी अंगणात बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी वर पाहिलं.

“शेंगा घे.”

“नको. अर्धा तासच आहे माझ्याकडे. तेवढ्यात काय ते सांगा.”

अनुग्रह हा निमखेडीच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक. वय अडतीस. पाळकांच्या शाळेत तीन वर्षं तो शांतवन गुरुजींच्या हाताखाली शास्त्र शिकला होता. पुढं गुरुजी निवृत्त झाले आणि जालन्याकडे आपल्या गावी, खांबेवाडीला, मोसंबीची चौदा झाडं सांभाळत एकटेच राहू लागले. अनुग्रहचं नाव मात्र वाढत गेलं. एका गावाची तीन गावं झाली. लोक म्हणायचे, पाळक असावा तर असा, बोलावण्याआधी दारात हजर. हे त्याच्या कानावर यायचं, आणि आलेलं त्याला आवडायचं.

“काय काय करतोस?” गुरुजींनी विचारलं.

“पहाटे चारला उठतो. तीन गावांच्या उपासना. आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, दफनं, तरुणांचा अभ्यासवर्ग. आता नाताळ तीन आठवड्यांवर आला, म्हणजे विचारूच नका. सात वर्षांत एक दिवस सुट्टी घेतलेली नाही, गुरुजी. अंगात ताप असताना प्रवचन केलंय.”

“सात वर्षं?”

“सात वर्षं.” हे सांगताना त्याची मान आपोआप ताठ झाली.

“आणि आज?”

“आज अकरा घरं आहेत.”

गुरुजींनी हात पुढं केला. “वही बघू.”

अनुग्रहनं बॅगेतून वही काढून दिली. गुरुजींनी चष्मा लावला. त्यांचं बोट गुरुवारच्या पानावरून सावकाश खाली गेलं. एका ओळीवर थांबलं…

मग त्यांनी वही मिटली, डोक्यावर टोपी घातली, काठी घेतली आणि चपला सरकवल्या.

“कुठं निघालात?”

“अकरा घरांना.”

“अहो गुरुजी, तुम्ही ऐंशीचे…”

“म्हणून तर वेळ आहे माझ्याकडे. गाडीची किल्ली दे.”

“तुम्ही गाडी चालवणार?”

“मी जीपनं जाईन. किल्ली माझ्या खिशात राहील.”

अनुग्रहनं किल्ली दिली. का दिली, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. कदाचित वर्गातली जुनी सवय असेल.

“आणि मी इथं काय करू?”

“काही नाही,” गुरुजी म्हणाले आणि फाट्याच्या दिशेनं चालू लागले.

अनुग्रह बाजेवर बसला. फोन काढला. रेंज नव्हती. पाच मिनिटं बसला, दहा मिनिटं बसला. मग उठला आणि अंगण झाडून काढलं. मोरीतली भांडी घासली. सरपण एकावर एक नीट रचलं. एवढं करून सूर्य डोक्यावरसुद्धा आला नव्हता.

मग त्याचं लक्ष मागच्या मोसंबीकडे गेलं, आणि त्याला कसंसंच झालं. झाडांची पानं मलूल होऊन वळली होती. काही पिवळी पडून बुंध्याशी गळाली होती. जमिनीला बोटबोट भेगा. बिचारे म्हातारे गुरुजी, त्याला वाटलं, बादली उचलवत नसेल, आणि सांगणार तरी कोणाला!

अनुग्रह नगर शहरात वाढलेला. झाड सुकलं की पाणी घालायचं, एवढी शेती त्याला येत होती. त्यानं बाह्या सरसावल्या. हौदातून बादली भरायची, आळ्यात ओतायची. एकेका झाडाला चार-चार बादल्या. तळहाताला फोड आले, पाठ धरली, पण चौदाव्या झाडाचं आळं भरलं तेव्हा त्याला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. दिवस फुकट गेला नाही.

ऊन उतरता उतरता गुरुजी परतले. काठी टेकत घराला वळसा घालून मागं आले, आणि जागीच उभे राहिले.

त्यांनी वाकून ओल्या मातीवर तळहात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

“पाणी घातलंस?”

“पार सुकली होती हो, गुरुजी.”

“सुकली नव्हती. थांबली होती.”

“म्हणजे…?”

“या दिवसांत मोसंबीचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना. झाड निजतं. मग जानेवारीत पाणी सोडलं की अंगभर फुलतं.”

“आणि आता?”

“आता पालवी फुटेल. फूल धरणार नाही.”

“यंदा?”

“यंदा.”

गुरुजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी हात धोतराला पुसला.

“मी मदत करायला गेलो…” अनुग्रह पुटपुटला.

“हो. मदतच केलीस.”

दोघं अंगणात आले. गुरुजी घटाघटा तांब्याभर पाणी प्याले. काहीतरी बोलायला हवं म्हणून अनुग्रहनं विचारलं, “अकरा घरं झाली?”

“एक झालं.”

“एकच? सकाळपासून?”

“हन्नाकडे गेलो होतो.”

अनुग्रहचा चेहरा उतरला. तो बाजेच्या कडेवर बसला.

“चहा झाला,” गुरुजी सांगू लागले. “मग तिनं आईच्या गोधड्या काढल्या. एकेक उलगडून दाखवली. हे ठिगळ कोणाच्या लुगड्याचं, ते कोणाच्या सदऱ्याचं. मग जेवण झालं. आईचं नाव घेऊन रडली, आईचं नाव घेऊन हसली. पुन्हा चहा झाला… तुझ्या वहीत तिच्यापुढं दहा मिनिटं लिहिलीयत. आणि तेही तीनदा खोडून पुढं ढकललेलं.”

“ती माझ्याबद्दल काही बोलली?”

“तुझं नाव तिनं घेतलं नाही.”

पलीकडच्या शेतात कोणीतरी बैलांना हाकारत होतं. तो आवाज थांबला.

“गेल्या आठवड्यात,” अखेर अनुग्रह म्हणाला, “एका दिवसात दोन दफनं होती. सकाळी पलीकडच्या गावात सुलोचनाबाईंचं. तिथून तसाच गाडी दामटत निमखेडीला आलो. हन्नाताईंच्या आईचं, तबिथाबाईंचं. कबरीच्या काठावर उभा राहिलो आणि म्हणालो, प्रभूमध्ये निजलेली आपली बहीण सुलोचना…”

त्यानं तळहातावरचे फोड चोळले.

“लोक खाकरले. मला कळलंच नाही, गुरुजी. पुन्हा म्हणालो. प्रार्थनेत पुन्हा. तीन वेळा. मग हन्नाताई पुढं आल्या. मूठभर माती हातात तशीच होती. ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, पाळकसाहेब, ही तबिथा आहे. माझी आई.”

गुरुजींनी डोळे मिटले.

“तेव्हापासून गुडघे टेकले की तेच वाक्य ऐकू येतं. पुढं एक शब्द सुचत नाही.”

“मग हे सकाळी का नाही सांगितलंस?”

“सकाळी…” अनुग्रहनं खाली पाहिलं. “सकाळी वेळ नव्हता.”

गुरुजी उठले. चूल पेटवली, भाकरी थापल्या. दोघं जेवले. जेवण झाल्यावर गुरुजींनी खिशातून किल्ली काढून त्याच्यासमोर ठेवली.

“जायचं तर जा.”

अनुग्रहनं किल्ली उचलली नाही.

“उद्या मी काय करू, गुरुजी?”

“बस.”

“किती वेळ?”

“उठायची घाई सरेपर्यंत.”

शुक्रवारी सकाळी तो अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसला. पहिला तास सरता सरेना. पायाला मुंग्या, डोक्यात याद्या. मंडळीचे सेक्रेटरी आढाव सर, त्यांना फोन करायचा राहिला. गायनमंडळाचा सराव. मंडपाचं काय झालं? दुसऱ्या तासाला त्याला राग आला. गुरुजींचा, हन्नाचा, गेलेल्या म्हातारीचासुद्धा. मरायला तोच दिवस सापडला होता का? हा विचार मनात आल्याबरोबर तो इतका दचकला, की मांडी मोडून आडवाच झाला. आणि झोपला.

किती झोपला, ठाऊक नाही. जागा झाला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं आणि अंगावर गुरुजींची घोंगडी होती. उठावं, असं वाटलं नाही. तो वर फांद्यांकडे पाहत पडून राहिला. आणि सात वर्षांत न आठवलेली एक गोष्ट, कोणी न बोलावता, समोर येऊन उभी राहिली.

निमखेडीतला त्याचा पहिला दिवस. मे महिन्याचं ऊन. पाळकाच्या घराला कुलूप, आणि किल्ली घेऊन आढाव सर तालुक्याला गेलेले. अनुग्रह ट्रंकेवर हात ठेवून दारात ताटकळत होता. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी रस्त्यानं चालली होती. ती थांबली. त्याला घरी नेलं. भाकरी दिली, ठेचा दिला, वर कांदा फोडला. दोन घास खाऊन तो उठू लागला, तशी तिनं दटावलं होतं, “बसा हो पाळकसाहेब! देव काय पळून चाललाय?”

ती तबिथाबाई होती.

अनुग्रहनं घोंगडीत तोंड खुपसलं आणि लहान लेकरासारखा रडला. मग रडणंही ओसरलं.

“तबिथा,” तो मोठ्यानं म्हणाला.

तेवढाच एक शब्द. त्यापुढं काही मागितलं नाही, काही कबूल केलं नाही. पण त्या शब्दापाशी तो एकटा नव्हता. कोणीतरी ऐकत होतं, आणि त्यालाही कसलीच घाई नव्हती. दिवस टेकडीआड कधी गेला, ते अनुग्रहला कळलं नाही. घड्याळ हातात होतं, पण त्यानं पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी त्यानं किल्ली घेतली.

“सोमवारी पुन्हा बसायला येतो,” तो म्हणाला. “दर सोमवारी येईन.”

“ये,” गुरुजी म्हणाले.

वेशीपाशी रेंज आली आणि फोन खणखणला. आढाव सर. आवाज टिपेला पोचलेला.

“अहो पाळकसाहेब, आहात कुठं? दुपारी नाताळची मीटिंग आहे!”

“तुम्ही घ्या, सर.”

“तुमच्याशिवाय?”

“माझ्याशिवाय.”

मग सर सावकाश म्हणाले, “…घेतो की.”

निमखेडीत हन्ना ओट्यावर तांदूळ निवडत होती. गाडी थांबली तशी तिनं पदर सावरला, पण सूप खाली ठेवलं नाही.

“हन्नाताई, मी चुकलो,” अनुग्रह ओट्याखालीच उभा राहून म्हणाला. “तुमच्या आईची माती होत होती, आणि मी तिथं नव्हतोच.”

ती खडे वेचत राहिली.

“किती वाजता जायचंय तुम्हाला?”

“जायचं नाहीये.”

आता तिनं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली, रिकाम्या हातांवरून फिरवली. वही नव्हती. ती उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“बसा.”

त्या दुपारी अनुग्रहनं क्वचितच तोंड उघडलं. हन्नाच बोलली. आई कशी भांडायची, कशी गायची, गावात कोणाला मूल झालं की जुनी लुगडी जमवून कशी गोधडी शिवायला बसायची. जात-पात पाहिली नाही. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा शेजारच्या बायकांकडून दहा-दहा सुया आधीच ओवून घ्यायची. सांगता सांगता हन्ना हसली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली,

“पाळकसाहेब, आईला पुरलं, पण पोचवली नाही, असं वाटतंय मला. उद्या तिचं नाव घ्या.”

रविवारी निमखेडीचं ख्रिस्ती देऊळ भरलं होतं. ती गोष्ट गावभर झालेली. पाळक काय बोलतो, ते ऐकायला एरवी न येणारेही आले होते. शेवटच्या बाकावर, खांबाशेजारी, शांतवन गुरुजी बसले होते.

अनुग्रह पुढं आला. हातात कागद नव्हता.

“आज प्रवचन नाही,” तो म्हणाला. “आज एक नाव आहे. गेल्या आठवड्यात ते मी चुकवलं. एकदा नाही, तीनदा. मी तुमच्यात इतका धावत होतो, की तुमच्यातल्या कोणाकडेच पाहत नव्हतो. तबिथाबाईनं मला या गावात पहिली भाकरी दिली, आणि तिच्या कबरीवर मी तिला ओळखलं नाही. मला क्षमा करा.”

सात वर्षं ज्याची मान ताठ पाहिली, तो पाळक मान खाली घालून उभा होता. कोणी खाकरलंसुद्धा नाही.

मग बायकांच्या बाजूला हालचाल झाली. एक तरणी सून कडेवरच्या पोरासकट उभी राहिली.

“याची गोधडी तबिथाआजीनं शिवली.”

तिच्यामागं दुसरी उठली. “माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी बसली होती.”

“माझ्या बापाला शेवटचं पाणी तिनं पाजलं.”

“आमच्या दोघा भावांचं भांडण तिनं मिटवलं. दोघांना एकाच ताटात जेवायला बसवलं!”

देऊळ हसलं. आता पुरुषांकडूनही माणसं उठू लागली. चार माणसांत चिठ्ठीशिवाय आयुष्यात कधी न बोललेले आढाव सर उभे राहिले, चष्मा पुसला, म्हणाले, “शाळेत असताना मला… मला तिनं…” आणि पुढं बोलवेना, म्हणून तसेच उभे राहिले. त्यांच्याकडे पाहून बाकीचेही उठले. बसलेलं असं कोणी राहिलंच नाही.

शेवटी हन्ना पुढं आली. आज तिच्या मुठीत माती नव्हती. खांद्यावर आईची गोधडी होती. ती अनुग्रहशेजारी उभी राहिली आणि तिनं त्याच्याकडे पाहून मान हलवली.

“तबिथा दावीद उमाप,” अनुग्रह म्हणाला.

“तबिथा दावीद उमाप!” सगळी मंडळी म्हणाली. भिंती घुमल्या. कोणी ढोलकीवर थाप मारली, कोणी झांजा उचलल्या, आणि पुनरुत्थानाचं भजन असं काही उसळलं, की रस्त्यावरचे लोक दारात येऊन टाळ्या वाजवू लागले. हन्ना गात होती, रडत होती, गात होती. अकराला सुटणारी उपासना एक वाजता सुटली. घरी चुलीवर काय करपत असेल, याची त्या दिवशी कोणाला आठवण झाली नाही.

बाहेर अंगणात हन्नानं अनुग्रहचे दोन्ही हात हातात घेतले.

“पोचली आई,” ती म्हणाली. एवढंच.

गुरुजी पायरीवर बसून चपला घालत होते. अनुग्रह गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे धावत आला. चेहरा घामानं डबडबलेला, डोळे चमकत होते.

“गुरुजी! लागली प्रार्थना! पाहिलंत ना?”

“पाहिलं.”

“आणि मीटिंगसुद्धा माझ्यावाचून झाली. नाताळचं सगळं ठरवून टाकलंय लोकांनी! माझ्यापेक्षा बरं ठरवलंय!” तो हसला. त्याला हसू आवरत नव्हतं. “अंगात दहा माणसांचं बळ आलंय. आता थकवा म्हणून उरलेला नाही. आता तीन काय, पाच गावं सांभाळीन!”

फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला. गुरुजींनी काठी घेतली आणि उठले.

“उद्या येतोस ना बसायला?”

“उद्या?” अनुग्रह गोंधळला. “सोमवारचं म्हणालो होतो खरं… पण आता विश्रांती कशाला, गुरुजी? मी दमलोय कुठं?”

गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी देव विसावला. तो तरी कुठं दमला होता?”